युद्ध पेटल्यावर सरकार तुमच्या माणसापर्यंत कुठवर पोचतं?

प्रश्न असा आहे: विचारणारे भांडुपचे. थोरला भाऊ आखातात एका कंपनीत पाइपफिटर आहे आणि मेहुणा मालवाहू जहाजावर. तिकडे लढाई पेटली तर सरकार त्यांना कधी आणि कसं आणतं? तिकिटाचे पैसे कोण देतं? आपण मुंबईत बसून काय करायचं? आणि मंडळातली पोरं तिकडच्या लोकांसाठी ब्लँकेटं गोळा करून पाठवू म्हणतायत, ते जमतं का?

उत्तर:

सरकार भावाच्या खोलीच्या दारापर्यंत येत नाही, हे आधी पक्कं धरून चाला. ते एका ठिकाणापर्यंत येतं. कधी ते बंदर असतं, कधी सीमेवरचं गाव, कधी शेजारच्या देशातला विमानतळ. तिथून पुढचं जेवण, झोपायची जागा, कागद, विमान हे सगळं ते करतं आणि बहुतेक वेळा चांगलं करतं. पण त्या ठिकाणापर्यंतचा रस्ता माणसाला स्वतः कापावा लागतो. दूतावासाने बस लावली, तरी बस सुटते तिथवर तरी स्वतःच जावं लागतं. घरच्यांची सगळी तयारी या रस्त्यासाठी हवी. होतं असं की घरचे दिल्लीला फोन लावण्यात दोन दिवस घालवतात आणि तिकडे भावाच्या खिशात टॅक्सीपुरते पैसे नसतात.

विमान थेट का जात नाही, हे प्रत्येक वेळी विचारलं जातं. लढाई सुरू झाली की पहिल्या काही तासांत हवाई हद्द बंद होते. ती अर्धवट उघडी राहिली, तरी प्रवासी विमानाचा नेहमीचा विमा युद्धक्षेत्रात सहसा लागू राहत नाही, आणि विम्याशिवाय कुठलीही कंपनी विमान सोडत नाही. त्यामुळे तळ तिसऱ्या देशात पडतो. १९९० मध्ये कुवेतवरून लोक बसरा-बगदाद करत वाळवंट ओलांडून जॉर्डनला पोचले आणि अम्मानहून एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून १ लाख ११ हजारांहून जास्त माणसं आणली. अम्मानपर्यंतच्या बसगाड्यांची सोय मात्र बरीचशी तिथल्या भारतीयांनी आपल्या समित्या करून केली होती. २००६ मध्ये बैरूतहून आपल्या युद्धनौकांनी लोकांना सायप्रसमधल्या लार्नाकाला सोडलं. त्या ताफ्यात आयएनएस मुंबईही होती. २०१५ ला येमेनसाठी जिबूती, २०२२ ला युक्रेनसाठी पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि मोल्दोव्हा, २०२३ ला सुदानसाठी सौदीतलं जेद्दा, २०२५ ला इराणसाठी आधी आर्मेनिया आणि तुर्कमेनिस्तान. नकाशा उघडून भाऊ राहतो त्या गावापासून जवळचं मोठं बंदर कुठलं आणि जमिनीवरून जवळची सीमा कुठली, एवढं आजच बघून ठेवा. उद्या तळ तिथेच पडेल असं नाही, पण दोन-तीन ठिकाणांपैकी एखादं असण्याची शक्यता मोठी.

सुदानचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. १५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्तुममध्ये लढाई सुरू झाली ती विमानतळापासूनच, म्हणजे तो मार्ग पहिल्याच दिवशी संपला. आपल्या लोकांना आणायची मोहीम, ऑपरेशन कावेरी, जाहीर झाली २४ तारखेला. मधले नऊ दिवस दूतावास लोकांना एकच सांगत होता: घरात राहा, खिडकीपासून लांब राहा, पाणी जपून वापरा. इथे बसलेल्यांना ते हातावर हात ठेवून बसणं वाटतं. पण रस्त्यावर दोन्ही बाजूंची नाकी असताना शस्त्रसंधीशिवाय बस काढणं म्हणजे माणसं गोळ्यांपुढे नेणं. शस्त्रसंधीचे काही तास मिळाले की बस सुटायच्या. खार्तुम ते पोर्ट सुदान बंदर हा रस्ता ८०० किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून आयएनएस सुमेधाने पहिले २७८ जण तांबडा समुद्र ओलांडून जेद्दाला नेले, तिथल्या भारतीय शाळेत गाद्या टाकून राहायची सोय झाली आणि मग विमानं. काहींना थेट मुंबईत उतरवलं. शेवटचा आकडा ३८६२. ज्यांना पोर्ट सुदान गाठणं शक्यच नव्हतं अशा १२१ जणांसाठी हवाई दलाचं सी-१३० विमान रात्रीच्या अंधारात खार्तुमच्या उत्तरेला वादी सय्यिदना इथल्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. तिथे ना दिवे, ना इंधन, ना दिशादर्शक यंत्रणा. वैमानिकांनी अंधारात दिसण्यासाठीचे खास चष्मे लावले होते आणि माणसं चढेपर्यंत इंजिनं बंद केली नव्हती. हे अपवाद असतात. बातम्यांत तेच दिसतं, म्हणून लोक त्याचीच वाट बघत बसतात.

आता परराष्ट्र धोरणाचा भाग. तो तुम्हाला लांबचा वाटेल, पण बस सुटते की नाही हे त्यावरच ठरतं. दोन बाजू लढत असताना दोघांनाही सांगावं लागतं की अमुक रस्त्याने, अमुक वेळेत, इतक्या गाड्या जाणार आहेत. दोघांनी हो म्हणावं लागतं आणि ते हो नाक्यावरच्या शिपायापर्यंत पोचावं लागतं. हा शेवटचा टप्पा सर्वात कच्चा. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या सुमी शहरात आपले सातशेच्या आसपास विद्यार्थी अडकले होते. ७ तारखेला ते बसमध्ये चढायला सज्ज झाले आणि मार्ग सुरक्षित नाही म्हणून त्यांना थांबवलं गेलं. ८ तारखेला मॉस्को आणि कीव दोघांकडून होकार पक्का झाल्यावर बस पोल्टाव्हाला निघाल्या, तिथून पुढे रेल्वेने पश्चिमेकडे. त्या काळात संयुक्त राष्ट्रांत भारत मतदानाला तटस्थ राहिला म्हणून बरीच टीका झाली. तो वाद जागच्या जागी राहू द्या. माझं मत इतकंच, की दोन्ही राजधान्यांत आपला फोन उचलला जात होता याचा सुमीच्या पोरांना थेट उपयोग झाला. येमेनमध्ये आकाश सौदीच्या ताब्यात होतं, म्हणून राजधानी सनाला जाणाऱ्या आपल्या विमानांना रोजचे ठरावीक तास रियाधकडून मागून घ्यावे लागले. २०२५ च्या जूनमध्ये इराणने बंद हवाई हद्द आपल्या विमानांसाठी उघडली आणि मशहदहून थेट दिल्लीची उड्डाणं झाली. त्या मोहिमेत, ऑपरेशन सिंधूत, इराण आणि इस्रायल मिळून ४४१५ जण आले. इस्रायलमधले जॉर्डन आणि इजिप्तमार्गे.

दूतावासाची सूचना वाचायची कशी, हेही शिकून घ्या. ती पायरीपायरीने कडक होत जाते. आधी ‘अनावश्यक प्रवास टाळा, नोंदणी करा’. मग ‘राहणं अत्यावश्यक नसेल तर तात्पुरतं निघा’. शेवटी ‘मिळेल त्या मार्गाने लगेच निघा’. लोक तिसऱ्या पायरीची वाट बघतात, आणि खरं निघायचं असतं दुसरीला. युक्रेनमध्ये दुसऱ्या पायरीची सूचना १५ फेब्रुवारी २०२२ ला निघाली. पोरं थांबली, कारण विद्यापीठं हजेरी लावत होती, भाडी वाढली होती आणि घरून सांगितलं जात होतं की पुढच्या आठवड्यात बघू. २४ तारखेला पहाटे हवाई हद्द बंद झाली; कीवकडे निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परतलं. नंतर ऑपरेशन गंगामध्ये ९० विमानं करावी लागली. त्यातलं पहिलं बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन २६ फेब्रुवारीला मुंबईत उतरलं. व्यावसायिक विमानं चालू आहेत तोवर सरकार सहसा खास विमान सोडत नाही. हा वेंधळेपणा नाही, पद्धतच तशी आहे. म्हणून दुसरी पायरी आली आणि तिकीट परवडत असेल, तर काढा. पन्नास हजारांचं तिकीट महाग वाटतं खरं, पण नंतर ते कुठल्याच भावाने मिळत नाही.

याचा अर्थ बातमी आली की भावाने नोकरी सोडून पळावं असा नाही. एका देशात लढाई सुरू असताना शेजारच्या देशात कामं रोजच्यासारखी चालू असतात. त्याने कंपनीकडून रीतसर रजा आणि परतीची परवानगी घेऊन निघावं. न सांगता निघून गेला तर काही देशांत मालक त्याच्यावर ‘फरार’ची नोंद करतो. सौदीत तिला हुरूब म्हणतात. मग विमानतळावर अडकणं, पुढे त्या देशात बंदी, आणि थकलेला पगार हातचा जाणं असं सगळं मागे लागतं. मोठ्या संकटात यजमान देश निवास परवान्याचे दंड माफ करतात, पण ती माफी दूतावासाने बोलून मिळवायची असते, गृहीत धरायची नसते.

नोंदणी. ज्या देशात आहे तिथल्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर त्याने आजच नाव नोंदवावं. युद्ध सुरू झालं की दूतावास वेगळा गुगल फॉर्म काढतो, तोही भरायचा. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा नियंत्रण कक्ष उघडतो आणि त्याचे नंबर प्रत्येक वेळी नव्याने जाहीर होतात. व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने नंबर लावत बसू नका. शिवाय वांद्रे पूर्वेला मुंबई उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापन कक्ष आहे, १०७७ वर. राज्य सरकार आपली यादी जिल्ह्याजिल्ह्यातून गोळा करतं, तेव्हा तिथे एकदा नाव द्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवरही तक्रार टाकता येते, पण ते पगार, छळ, मृतदेह अशा चालणाऱ्या प्रकरणांसाठी जास्त कामाचं. बॉम्ब पडत असताना पोर्टल बघायला कोणाला फुरसत नसते.

संदेश कसा लिहायचा हे नीट सांगतो, कारण चुका इथेच होतात. ‘माझा भाऊ संकटात आहे, कृपया वाचवा, मोदीजी मदत करा’ असे हजारो संदेश येतात आणि त्यांतून काहीच करता येत नाही. कामाचा संदेश असा असतो:

नाव पासपोर्टवर आहे तसंच, इंग्रजी स्पेलिंगसह. पासपोर्ट क्रमांक आणि संपण्याची तारीख. पासपोर्ट आत्ता कुणाजवळ: मालकाकडे. आत्ता कुठे: शहर, भाग, कंपनीच्या कॅम्पचं नाव, जवळची मोठी मशीद किंवा पेट्रोल पंप, नकाशाचा पिन. सोबत किती भारतीय: १४, पैकी महिला ०. आजार: एकाला मधुमेह, इन्सुलिन ३ दिवसांचं. स्थानिक नंबर, व्हॉट्सॲप नंबर. भारतातला एकच नंबर, नातं: भाऊ.

‘एकच’ हा शब्द महत्त्वाचा. एकाच माणसासाठी बायको, भाऊ आणि मेहुणा तिघं वेगवेगळे फॉर्म भरतात, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. यादीत तो तीन माणसं होतो. बसमध्ये तीन जागा धरल्या जातात आणि तो सुटून आला तरी दोन नावं ‘अजून अडकलेले’ म्हणून राहतात. मग दूतावासाचा माणूस त्या दोघांना शोधत बसतो, आणि लहान दूतावासात अशी माणसं किती असतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घरात एकाला जबाबदारी द्या, बाकीच्यांनी त्याच्यामार्फत बोला. तिकडेही कॅम्पमागे एक म्होरक्या असावा, ज्याच्याकडे सगळ्यांची एकच यादी असेल. त्याच्या मोबाइलची बॅटरी गेली तर दुसरा कोण, हेही आधी ठरवा. परिस्थिती बदलली की नवा संदेश न पाठवता जुन्यालाच उत्तर म्हणून जोडायचं: ‘सीमेवर पोचला, आता मदत नको’. हा शेवटचा संदेश कोणीच पाठवत नाही.

दूतावास स्वतःही हलतो. सनामधला जिबूतीला गेला, खार्तुममधला पोर्ट सुदानला, कीवमधला काही काळ पोलंडला. लँडलाइन वाजत राहते याचा अर्थ ते पळाले असा नसतो. ईमेल आणि दूतावासाचं समाजमाध्यमांवरचं अधिकृत खातं धरून ठेवा.

कागदांचं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो, हे आखातातलं जुनं दुखणं. लढाईत मालक स्वतःच निघून गेलेला असतो. तेव्हा दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. ते फक्त भारतात परत येण्यासाठी आणि एकदाच चालतं. त्यासाठी नागरिकत्व पटवावं लागतं. जुन्या पासपोर्टचा क्रमांक हातात असेल तर तपासणी काही तासांत होते. नसेल तर आपल्याकडच्या पोलीस पडताळणीपर्यंत प्रकरण जातं आणि दिवस जातात. म्हणून पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, निवास कार्ड आणि नोकरीचा करार यांचे फोटो भावाच्या मोबाइलमध्ये, तुमच्या मोबाइलमध्ये आणि ईमेलमध्ये, तिन्ही ठिकाणी हवेत. शिवाय पासपोर्ट आकाराचे चार फोटो छापील. फोटो स्टुडिओ युद्धात उघडा नसतो, हे साधं आहे, पण प्रत्येक वेळी रांगेत कुणीतरी त्यासाठीच अडकतं. बाळ तिकडे जन्मलं असेल आणि जन्माची नोंद दूतावासात केली नसेल, तर ते आजच करा. बायको किंवा नवरा परदेशी नागरिक असेल, तर त्यांचा भारताचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकांना भारतात कायम ये-जा करता येणारं कार्ड) वेगळं लागतं. आपल्या विमानात शेजारी देशांचे लोकही घेतले जातात, येमेनमधून ४१ देशांचे ९६० जण आले, पण उतरल्यावर व्हिसाचा प्रश्न उभा राहतो.

आणि पिवळ्या तापाचं कार्ड. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांतून किंवा त्यांच्या मार्गे येताना ते लागतं. सुदानवरून सुटून आलेल्यांपैकी ज्यांच्याकडे लसीचा दाखला नव्हता, त्यांना भारतात उतरल्यावर विलगीकरणात राहावं लागलं. आगीतून सुटलेला माणूस विमानतळावर अडकला की घरचे चिडतात, पण हा नियम शिथिल होत नाही. ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवायचं.

बॅगेबद्दल थोडक्यात. युद्धनौकेवर किंवा हवाई दलाच्या विमानात पाठीवरची एक पिशवी, बस. त्यात पाणी, तीन दिवसांचं कोरडं खाणं, औषधं चिठ्ठीसह, पॉवर बँक, आणि रोकड. डॉलर लहान नोटांत: दहा, वीस. शंभराची नोट मोडून देणारा कोणी भेटत नाही. लष्करी रंगाचे कपडे, दुर्बीण, ड्रोन नको. नाक्यांचे, रणगाड्यांचे काढलेले फोटो निघण्याआधी मोबाइलमधून उडवायचे; नाक्यावर मोबाइल तपासतात आणि एका फोटोपायी अख्खी बस थांबते.

मुंबईतून पैसे पाठवणंही वाटतं तितकं सोपं नाही. गल्लीतल्या मनी ट्रान्सफरच्या दुकानात बाहेरून आलेले पैसे मिळतात, पण इथून बाहेर पाठवता येत नाहीत. बाहेर पाठवायचे तर बँकेतून, कागदपत्रांसह, आणि बँकेच्या कामाच्या दिवशी. शुक्रवारी रात्री लढाई सुरू झाली तर सोमवारपर्यंत काही नाही. त्यातून तिकडच्या बँका बंद असतात ते वेगळंच. म्हणून भावाने एक महिन्याच्या खर्चाइतकी रोकड आजपासून स्वतःजवळ ठेवावी, पूर्ण पगार घरी पाठवायची सवय थोडी मोडून.

खर्च कोण करतं? गंगा, कावेरी, अजय (२०२३ ची इस्रायलची), सिंधू या मोहिमांत विमानाचे पैसे सरकारने दिले. करोनाच्या वेळच्या वंदे भारतमध्ये मात्र प्रवाशांनी तिकीट काढलं होतं, तेव्हा दर वेळी फुकटच असं धरू नका. एकेकट्या अडचणीतल्या माणसासाठी प्रत्येक दूतावासात भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. २००९ पासूनचा. पासपोर्ट-व्हिसाच्या कामांवर थोडी जादा रक्कम घेतात त्यातून तो भरतो, आणि त्यातून राहणं, जेवण, उपचार, वकील, परतीचं तिकीट, मृतदेह पाठवणं असे खर्च करता येतात. पण ज्याची ऐपत नाही त्याच्यासाठी तो आहे. अर्ज करताना अडचणीचा काहीतरी पुरावा जवळ असलेला बरा, शेवटची पगाराची पावती तरी. प्रवास विमा असेल तर त्याची अटींची पानं वाचा. युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींतून वगळलेलं असतं.

सरकारी विमानात जागा विकत मिळत नाही. युद्ध सुरू झालं की ‘दूतावासात ओळख आहे, पंचवीस हजारांत यादीत नाव घालतो’ असे फोन येतात. यादीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. असा फोन आला तर नंबर जपून ठेवा आणि पोलिसांत द्या. भाऊ ईसीआर पासपोर्टवर (काही देशांत नोकरीला जायला सरकारी परवानगी लागते असा) गेला असेल आणि ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलमधून रीतसर निघाला असेल, तर त्याची नोंद, मालकाचं नाव, करार आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा हे सगळं सरकारकडे आहे. व्हिजिट व्हिसावर नेऊन तिथे कामाला लावलं असेल तर यातलं काहीच नाही आणि मदत तिथेच मंदावते. चौकशी करायची तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात जा. पासपोर्ट कार्यालय आणि स्थलांतरितांचे संरक्षक अधिकारी एकाच इमारतीत आहेत.

आता मेहुणा. जहाजावरच्या माणसाची वाट वेगळी आहे आणि घरचे इथे नेहमी चुकतात: ते दूतावासामागे लागतात. जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली आहे तो देश, जहाजमालक, त्याचा विमा आणि त्याला कामाला लावणारा मुंबईतला परवानाधारक एजंट, या चौघांची जबाबदारी आधी येते. तुमचं कार्यालय नौवहन महासंचालनालय. कांजूरमार्ग पूर्वेला, भांडुपहून एक स्टेशन. तिथे तक्रार देताना त्याचा सीडीसी (खलाशाच्या पुस्तिकेचा) क्रमांक, इंडॉस (खलाशाच्या नोंदणीचा) क्रमांक, जहाजाचं नाव, आयएमओ (जहाजाचा आंतरराष्ट्रीय) क्रमांक आणि कराराची प्रत लागते. जहाजाचं नाव बदलतं, आयएमओ क्रमांक बदलत नाही. फक्त नाव दिलंत तर जहाज शोधण्यातच दिवस जातो. खलाशी असेल तर नुसी आणि अधिकारी असेल तर मेरीटाइम युनियन, या संघटनांचा हात लवकर पोचतो, कारण त्यांची जहाजमालकांशी रोजची ऊठबस असते.

त्याला दोन हक्क माहीत हवेत. युद्धसदृश म्हणून घोषित पट्ट्यात जहाज जाणार असेल आणि त्याच्या जहाजाला जहाजमालक आणि खलाशी संघटनांमधला आंतरराष्ट्रीय करार लागू असेल, तर तो त्या पट्ट्यात जायला नकार देऊ शकतो आणि कंपनीच्या खर्चाने घरी येऊ शकतो. गेला तर जादा भत्ता आणि मृत्यू-अपंगत्वाची दुप्पट भरपाई. नकार लेखी द्यायचा, पट्ट्यात शिरण्याआधी. आत शिरल्यावर कोण उतरवणार? दुसरा हक्क, मालकाने जहाज सोडून दिलं तर. दोन महिने पगार नाही, किंवा खाणं-पाणी-इंधन नाही, किंवा घरी पाठवत नाहीत, यातलं एक जरी झालं तरी देशादेशांमधल्या सागरी कामगार कराराखाली ते जहाज ‘सोडून दिलेलं’ ठरतं आणि विमा कंपनीकडून चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि परतीचा खर्च मागता येतो. मात्र ‘अजून एक महिना बघू’ म्हणत आठ महिने काढले, तर चारच महिन्यांचे मिळतात.

नौदल येतं, पण हल्ल्याच्या वेळी. जानेवारी २०२४ मध्ये मार्लिन लुआंडा या जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली तेव्हा आयएनएस विशाखापट्टणमच्या पथकाने जाऊन ती विझवली. जहाजावर २२ भारतीय होते. त्याच एप्रिलमध्ये इराणने एमएससी एरीस ताब्यात घेतलं, त्यावर १७ भारतीय. तिथे नौदलाचं काम नव्हतं. ते परराष्ट्रमंत्र्यांनी तेहरानशी बोलून सुटलं, आणि तेही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने.

ब्लँकेटं. पोरांची इच्छा चांगली आहे, पण पाठवू नका. सरकारची मदत समोरच्या देशाने दिलेल्या यादीवर जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझासाठी गेलेल्या विमानात साडेसहा टन औषधं आणि ३२ टन आपत्ती साहित्य होतं, तंबू, झोपायच्या पिशव्या, ताडपत्री, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या असं; ते इजिप्तच्या अल अरिशला उतरलं आणि पुढची परवानगी वेगळी. अफगाणिस्तानला ५० हजार टन गहू द्यायचं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ठरलं, पण पाकिस्तानातून कुणाचे ट्रक जाणार यावर महिने गेले आणि पहिले ५० ट्रक अटारीहून २२ फेब्रुवारी २०२२ ला निघाले. सामान कधीच कमी पडत नाही, अडतं ते वाटेत. मंडळाची ब्लँकेटं कस्टमच्या गोदामात भिजतात. शिवाय नोंदणीकृत न्यासाने भारताबाहेर केलेल्या खर्चावर प्राप्तिकराची सवलत आधी मंजुरी घेतल्याशिवाय मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी हिशेब तपासनीस तोच प्रश्न विचारतो. पैसे द्यायचेच असतील तर तिथे आधीपासून काम करणाऱ्या मोठ्या संस्थेच्या भारतातल्या शाखेला द्या. त्यापेक्षा बरं काम म्हणजे गल्लीतल्या किती घरांतली माणसं बाहेर आहेत याची पासपोर्टच्या फोटोंसह यादी करून ठेवणं.

एक अप्रिय गोष्टही सांगावी लागते. माणूस तिकडे वारला, तर मृतदेहासाठी चार कागद लागतात: मृत्यूचा दाखला, शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला, भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट. इथे उतरताना आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी ई-केअर पोर्टलवरून आधी घ्यायची. घरच्यांकडून दफन तिथे करायचं की इकडे आणायचं याचं लेखी पत्र मागतात, आणि घरात एकमत नसेल तर सगळं तिथेच थांबतं.

परत आल्यावर. हवाई दलाची विमानं बहुधा दिल्लीजवळ हिंडनला उतरतात. तिथून मुंबईचं तिकीट राज्य सरकार कधी काढतं, कधी नाही. राजधानी एक्सप्रेसच्या भाड्याइतके पैसे बाजूला ठेवा. आपत्कालीन प्रमाणपत्रावर आला असेल तर ते इमिग्रेशनला जमा होतं, तेव्हा आधी त्याचा फोटो काढून घ्यायचा. नवा पासपोर्ट मागताना तोच पुरावा असतो. थकलेल्या पगाराचं काम मात्र निघण्याआधीच करायला हवं: करार, हजेरीची पानं, पगाराच्या पावत्या, मालकाचे व्हॉट्सॲप संदेश यांचे फोटो, आणि वेळ मिळाला तर दूतावासात किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र. आल्यावर मदद पोर्टलवर ते सगळं जोडून तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक जपा. मुखत्यारपत्राशिवाय तिथल्या कामगार न्यायालयात त्याच्या वतीने कोणी उभं राहू शकत नाही, आणि ते इथून करून पाठवायचं तर नोटरी, गृह खातं आणि परराष्ट्र मंत्रालय अशा तीन शिक्क्यांनंतर काही देशांसाठी त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का लागतो.